कुणासारखी होती

माझी धाकटी बहीण वाचली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक डॉक्टरला नावं ठेवतात आणि ते मला खपायचं नाही. पहिलं बाळंतपण म्हणून ती जामसरला माहेरी आली होती. अचानक रक्त जायला लागलं, तेव्हा जीपमध्ये आडवी घालून तिला जव्हारला नेली. मी मोखाड्याहून धावत पोचले तोवर डॉक्टरांनी तिला अक्षरशः ओढून परत आणली होती. पोरगी मात्र पोटातच गेली.

आमच्याकडे असं मूल आईला दाखवत नाहीत. तोंड पाहिलं की आईचा जीव त्यात अडकतो म्हणतात. आत्याने पुरुषांना बजावलं, "तोंडावरचं फडकं सोडू नका रे, नुसतं न्या." त्यांनी नाही सोडलं. बहीण शुद्धीवर यायच्या आत ओढ्याकाठी पुरून माणसं परतसुद्धा आली. आईने झबली, टोपडी, झोळी सगळं उचलून माळ्यावर टाकलं. सगळं मायेनेच केलं हो, शपथ.

पुढे टाके सुकले, अंगात रक्त भरलं, गोळीने दूधही आटलं. तपासायला नेली तर डॉक्टर खूश. "एकदम नॉर्मल. बरी झाली तुमची बहीण." बरी? डोंबल बरी! दोन घास खाईना, केसांना फणी लावू देईना. भिंतीकडे तोंड करून पडायची आणि जवळ येईल त्याला एकच विचारायची, "कुणासारखी होती?"

आईला विचारलं, आई चुलीकडे वळली. वडील खाचराकडे निघून गेले. तिचा नवरा तर रडायलाच लागला. भरल्या घरात एकानेही त्या पोरीचं तोंड पाहिलेलं नव्हतं! माझं डोकंच फिरलं. आत्याला नाही नाही ते बोलले. पण बोलून काय होणार होतं? बहीण रोज थोडी थोडी संपत चालली होती आणि आम्ही तिला लोहाच्या गोळ्या चारत होतो.

शेवटी मी एकटीच जव्हारला गेले. ओपीडीची रांग मोडून आत घुसले.

"साहेब, आमच्या बाळाचं तोंड कसं होतं?"

त्यांना काही कळेना. "पेशंटला ताप आहे का? रक्त जातंय?"

"नाही हो. तिला काहीच झालेलं नाही. ती मरतेय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चांगला माणूस, खोटं नाही बोलला. म्हणाला, "ताई, मी आईचं रक्त थांबवत होतो. बाळाकडे मी पाहिलंच नाही." मग त्यांनी सिस्टरला बोलावलं. तिने बिचारीने खूप आठवून पाहिलं. "केस होते. काळे, भरपूर." आणि लगेच मान हलवली. "की ते दुसऱ्या बाईचं बाळ होतं? खरंच नाही हो आठवत."

परत येताना जीपमध्ये कोण कोण होतं, मला काही आठवत नाही. फाट्यावर उतरले तर घराकडे पाय उचलेनात. काय घेऊन जायचं तिच्यापुढे?

मी कुठे गेले होते ते तिला कळलं होतं. ती उठून भिंतीला टेकून बसली होती.

"कुणासारखी?"

"तुझ्यासारखी," मी म्हणाले.

"नाक?"

"तुझंच. हनुवटीपण. केस तर काळेभोर, भरपूर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, माझं खोटं पकडलं.

"ताई, तो आरसा दे."

खुंटीचा आरसा काढून दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, मांडीवर घेतला. वाकून बराच वेळ बघितलं. मग काचेवरच्या त्या खोल गेलेल्या गालांवरून बोट फिरवत हळूच म्हणाली, "माझे बाय, इतकी कशी गं वाळलीस?"