मुंडकेवाले साहेब

रामटेके साहेबांची आणि माझी पहिली भेट माझ्याच लग्नात झाली, आणि ती काही शोभेची नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नव्या जावयाच्या ताटात रोहूचं अख्खं मुंडकं वाढायची आम्हा मासेमार ढिवरांकडे रीत होती. भुकेपोटी मी मांडवामागे डोकावलो, तर चुलीशेजारी सफारी घातलेला एक सावळा, किडकिडीत माणूस उकिडवा बसलेला. त्याच्या डाव्या हातात माझं मुंडकं, म्हणजे माझ्या ताटात यायचं ते, आणि उजव्या हातात चिमटा. मानेकडच्या भोकातून चिमटा आत घालून तो काहीतरी चाचपत होता.

"कोण हो तुमी?" मी विचारलं.

"मत्स्यखातं," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "घाबरू नका जवाई, तुमचं मुंडकं तुमालेच भेटन. मले आतली कणी तेवढी पायजे."

तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी त्यांनी चिमट्यात धरून बाहेर काढलं, औषधाच्या वासाच्या एका छोट्या बाटलीत सोडलं, बूच लावलं आणि मुंडकं स्वयंपाक्याला परत दिलं. समोरून पाहिलं तर त्यावर ओरखडाही नव्हता. मी ते खाल्लं, पण मन लागलं नाही.

साहेब मूल गावाजवळच्या मत्स्यबीज केंद्रावर अधिकारी होते. वडील तिथल्याच राइस मिलमध्ये हमाल. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात शिकायचं वारं शिरलं होतं, आणि घरातले पहिले बी.एस्सी. हेच. मे-जूनमध्ये पंचक्रोशीत जिथे मासे शिजणार तिथे ते हजर. बोलावणं असो-नसो, आहेराला स्टीलचा एक पेला घेऊन यायचे आणि नवरदेवाला भेटायच्या आधी चुलीकडे जायचे. लोक त्यांना मुंडकेवाले साहेब म्हणायला लागले. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं काही वाटतही नसे. "कच्चं मुंडकं पायजे, ताजं पायजे अन् भरल्या पोटाच्या मासोळीचं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी घरजावई. लग्न झालं तसा सासूच्या गावी राहिलो आणि शिकलेला म्हणून मच्छीमार सोसायटीचा सचिव झालो. कागदावर अध्यक्ष कोणीही असो, सोसायटी चालायची ती माझ्या सासूच्या, सरूबाईंच्या तोंडावर. गावच्या जुन्या तलावाचा ठेका आमच्याकडे होता. पण दोन वर्षं बीज, म्हणजे तलावात सोडायची बारीक पिल्लं, धड मिळालं नव्हतं. नदीतून आणावं तर त्यात मरळ-शिंगाड्यासारख्या खादाड माशांची पिल्लं येत आणि बाकीचं सगळं खाऊन टाकत. कलकत्त्याहून डब्यात मागवावं तर नागपूर येईस्तोवर अर्धं पांढरं पडलेलं असे. तिसऱ्या वर्षीही तलाव रिकामा राहिला तर ठेका जाणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

साहेबांचं म्हणणं होतं, बीज इथेच करू. रोहू, कतला तलावात वाढतात, अंड्यांनी भरतात, पण साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. हे आम्हालाही माहीत होतं. का घालत नाहीत, ते साहेबांनी पारावर बसून सांगितलं.

"पोटात अंडी तयार असते, पण डोस्क्याखालून हुकूम सुटत नाई. नदीले पूर आला, पाणी वाहाले लागलं, की हुकूम सुटते. आता तलावात मी पूर कुठून आणू? म्हणून हुकूमच दुसरीच्या डोस्क्यातून काढून आणतो. ती कणी म्हणजे हुकमाची गाठ."

"अन् हुकूम पोटापोतर जाते कसा?" सरूबाईंनी विचारलं.

"रक्तातून. पोस्टमन साऱ्याच्या दारावरून जाते, पण चिठ्ठी ज्याची त्यालेच देते ना? तसंच. रक्त साऱ्या अंगात फिरते, पण हा हुकूम समजते फक्त अंड्याच्या पिशवीले. माणसाचं बी असंच आहे बाई. पोराले मिशी फुटते, बाळंतिणीले दूध येते, सारे हुकूमच. तुमाले राग आला की छाती धडधडते का नाई? मूत्रपिंडावर टोपीसारखी गाठ असते, तिच्यातून सुटते ते."

सरूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग माही टोपी हा जवाई आल्यापासून रिकामीच झाली असंन."

सारा पार हसला. साहेबही हसले, पण लगेच पुढचं सांगायला लागले. विषय अर्धा राहिला की त्यांना चैन पडत नसे.

सरूबाईंचा त्यांच्यावर विश्वास बसला होता तो मात्र या भाषणामुळे नाही. माझ्या लग्नातच, जेवणाच्या आधी, साहेब गोठ्यामागे सफारी वर करून पोटात सुई टोचत असताना सरूबाईंनी त्यांना पकडलं होतं. "नशा करते का रे मुडद्या, लग्नाच्या घरात?" म्हणून त्या खेकसल्या. साहेबांनी सुई शांतपणे रिकामी केली, पुसली, डबीत ठेवली.

"नशा नाई बाई. हे घेतल्याबिगर तुमच्या घरचा भात माह्या अंगी लागत नाई. माणसाच्या जठरामागं एक गाठ असते, खाल्लेल्या साखरेले अंगात घ्या म्हणून ती हुकूम देते. माही कालेजात होतो तवाच बंद पडली. हा गाईच्या गाठीतून काढलेला हुकूम आहे."

"गाईचा? अन् तो माणसाले चालते?"

"चालते. डुकराचा बी चालते. हुकमाले जात नसते, बाई."

शेवटचं वाक्य त्या पुढे कुणालाही ऐकवायच्या, विषय असो वा नसो.

त्या औषधाचं फार सांभाळावं लागे. केंद्रावर वीज असून नसल्यासारखी, म्हणून ओल्या रेतीत पुरलेल्या माठात बाटली ठेवायची. नवी बाटली चंद्रपूरहून एसटीचा ड्रायव्हर आणून द्यायचा. गावोगाव फिरताना ती थर्मासमध्ये. पण खरी अडचण वेगळीच होती. मासे फळायचे ते पावसात, आणि आमच्याकडे रस्ते बंद व्हायचे तेही पावसात. म्हणजे साहेबांचं काम ज्या दिवसांत, त्याच दिवसांत त्यांचा जीव टांगणीला. मी एकदा म्हणालो, "साहेब, हिमत आहे तुमची." ते चिडले. "हिमतीचा इथी काय संबंध? औषध आहे तोपर्यंत मी आहे. सरलं की दोन दिवसांत उताणा. माहं रक्त मले विचारून चालत नाई."

आषाढात झड लागली आणि साहेब आमच्या तलावावर आले. येताना नाल्याला गुडघाभर पाणी होतं. आम्ही निवडक माद्या आणि नर जाळ्यात धरून ठेवले होते. तलावाच्या उथळ पाण्यात खुंट ठोकून मच्छरदाणीसारखी कापडी पेटी बांधली, तिला ते हापा म्हणत. बाटलीतल्या कण्या त्यांनी काचेच्या नळीत घोटल्या, पाणी घालून गाळलं आणि दुपारी माद्यांना पहिली सुई दिली, थोडीशी. मोठी सुई दिवेलागणीला द्यायची होती, तेव्हाच नरांनाही. "पह्यली सुई दार ठोठावते, दुसरी उघडते," ते मला सांगत होते. शेवटची कतला भारी होती. दोघांनी धरलेली असतानाही तिनं असं काही शेपूट मारलं, की फळीवरची साहेबांची पिशवी उडून तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, दगडावर आदळली.

थर्मास फुटला होता. आतली बाटलीही.

साहेबांनी काचा हातात घेऊन पाहिल्या, ओली माती हुंगली. मग आभाळाकडे पाहून विचारलं, "नाला सांजेपोतर उतरन का?"

"चढन," सरूबाई काठावरच्या लाकडी होडीकडे बघत म्हणाल्या. "आता डोंगा पलीकडे जाऊ शकते. सांजेले नाई, उद्या तर नाईच."

मी मनात हिशेब करत होतो. दुसरी सुई दिली नाही तर पहिली वाया, माद्या वाया, वर्ष वाया, तलाव गेला. मला वाटलं, साहेब थांबतील. अशा वेळी माणसं थांबतात, निदान गोष्टींत तरी थांबतात. साहेबांनी हात धुतले आणि म्हणाले, "डोंगा काढा. मी चाललो."

मग मला जवळ बसवून त्यांनी दाखवलं: शेपटीच्या वर, मधल्या रेषेच्या वरच्या बाजूला, खवला उचलून सुई तिरपी घालायची, हळू सोडायचं. "मासोळी धडपडली तर सुई काढ, जबरदस्ती नोको करू." काचेची नळी, पिचकारी, अर्क, सगळं माझ्या ओंजळीत ठेवलं आणि डोंग्यात जाऊन बसले. मागे वळूनही पाहिलं नाही. काठावर कोणीतरी म्हणालं, "पळाला साहेब." मलाही तेच वाटलं, आणि त्याहून वाईट शब्दांत वाटलं.

दिवेलागणीला मी सुया दिल्या. कंदील सरूबाईंनी धरला. पहिला खवला माझ्या बोटांतून दोनदा सुटला, तेव्हा त्यांनी मला अख्ख्या खानदानावरून शिव्या दिल्या, आणि तिसऱ्यांदा सुई बसली. सकाळी हाप्यात हात घातला तर तळाशी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, ओंजळीनं काढावीत इतकी. दुसऱ्या दिवशी त्यांतून दोऱ्याच्या तुकड्यासारखी पिल्लं वळवळायला लागली. सारं गाव पाळीवर जमलं होतं. मी रडलो, लपवायचं कशाला.

पाणी उतरल्यावर साहेब सायकलवर आले. शाबासकी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती. एक मादी मेली होती, तीच आधी मागितली, उलटीपालटी करून पाहिली आणि सुई कुठे खोल गेली ते मला दाखवलं. मग पारावर बसून चहा पिताना, कोणी काही विचारायच्या आधीच, म्हणाले, "तुमी मले पळपुटा म्हटलं, मले कळलं. म्हणा. पण मी इथी मेलो असतो तर तुमी माहा फोटो लावून हार घातला असता, अन् पुढच्या साली सुई द्याले कोणी नसतं. फोटो सुई देत नाई." सरूबाईंनी त्यांच्या कपात अजून चहा ओतला, साखर न घातलेला. त्या दिवसापासून गावात कोणी त्यांच्याबद्दल वेडंवाकडं बोललं नाही.

त्यानंतर पाच-सहा पावसाळे ते येत राहिले. दरवेळी काही नवं शिकवायचे आणि दरवेळी आभाळ भरलं की स्वतःहून डोंगा मागायचे, कसलीही लाज न बाळगता. आमच्या तलावाचं बीज धानोऱ्यापर्यंत जायला लागलं. मग त्यांची सिरोंच्याकडे बदली झाली.

ते गेल्याचं आम्हाला खात्याच्या जीपवाल्याकडून कळलं. तिकडे गोदावरी फुगली होती. साहेब एका गावी तलाव पाहायला गेले आणि ओढ्यापलीकडे अडकले. बाटली संपली. वेळेवर निघायला त्यांनी कंटाळा केला नव्हता, दोन दिवस ते काठावर येऊन उभे राहत होते, असं तो म्हणाला. पाणी ओसरून माणसं पोचली तेव्हा उशीर झाला होता.

"तिथी कोणाजवळ डोंगा नोता का?" सरूबाईंनी विचारलं.

"नोता," जीपवाला म्हणाला.

 साहेब तिकडे अडकले त्या आठवड्यात आमच्याकडे स्वच्छ उघाड होती. गावातले सगळे डोंगे पाळीवर उपडे पडले होते.