कोठाराची पांढरी माती

गावाबाहेरच्या टेकाडाखाली हजारो वर्षांपूर्वीचं शहर गाडलेलं आहे. तिथे उघडं पडलेलं धान्याचं कोठार पाहायला मी गेलो होतो. हातभर जाड भिंत, आणि दार फक्त शहराच्या बाजूला. शेतांकडे साधा झरोकाही नाही. पिकवणाऱ्यांनी इथवर धान्य वाहून आणायचं आणि दुष्काळात याच भिंतीला डोकं टेकून आतल्या सातूचा वास घ्यायचा. शहर कुठलंही असो, त्याच्या कोठाराला कडी आतूनच असते. माझ्या मुठी वळल्या.

पलीकडे एक बाई टेकाडाची पांढरी माती फावड्याने पाटीत भरत होती.

"मावशी, हे जुनं शहर आहे. माती कुठे नेताय?"

"रानात टाकायला. ह्या मातीनं जवारी लई जोमात येती."

"अहो, पण अशानं सगळं शहर संपेल!"

तिने पाटी डोक्यावर घेतली. "ह्या शहरानं रानाचं खाल्लं, तवा कुणी अडवलं व्हतं? आता रानाला खाऊ द्या की."

मी कोठाराकडे वळून पाहिलं आणि बाह्या सरसावल्या.

"मावशी, फावडं द्या इकडं. या भिंतीपासून सुरू करू."