कानापासून सुरुवात

माझ्या मावशीच्या यजमानांइतका परक्यांच्या कानांकडे टक लावून बघणारा माणूस अख्ख्या लखनौत दुसरा झाला नसेल. औषधांच्या संशोधनात उभी हयात घालवून काका निवृत्त झाले आणि माझ्या कॉलेजातल्या शिल्पकलेच्या पहिल्या वर्गात, माझ्याच शेजारच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सर म्हणाले, माती नीट मळा, आत हवा राहिली तर भट्टीत फुटेल. आम्ही निमूट मळायला लागलो. काकांनी मात्र मुद्दाम आत हवा ठेवून एक गोळा भाजायला दिला. तो फुटला, आणि शेजारी ठेवलेला माझा मातीचा हातही घेऊन गेला. "बघ, खरंच फुटतो!" काका आनंदाने म्हणाले. मला रडावं की हसावं कळेना.

मग कानाचा धडा आला आणि काका पार कामातून गेले. निशातगंजच्या बाजारात भाजीवाल्याला म्हणायचे, "भैया, ज़रा उधर देखिए." तो बिचारा मान वळवायचा, हे वाकून त्याचा कान न्याहाळायचे. "बाबूजी, सब्ज़ी तो इधर है," तो म्हणायचा. एकदा टेम्पोत ड्रायव्हरच्या मागे बसून त्याचा कान बघता बघता जानकीपुरमला उतरायचं राहिलं. जेवतानाही तेच. "कानाच्या पाळीकडे कुणी लक्षच देत नाही गं," ते मला सांगायचे, आणि मावशी म्हणायची, "अहो, फुलका गार होतोय."

वर्षाअखेरीस प्रत्येकाने ओळखीच्या माणसाचं डोकं घडवायचं होतं. काकांनी मावशीचं करायचं ठरवलं. तिला ते भेट द्यायचं, असं घरात जाहीरही केलं. तिला समोर बसवा, असं मी सुचवलं. "कशाला? इतकी वर्षं बघतोय की तिला!" कान तर अप्रतिम झाले. सरांनी चहूबाजूंनी पाहिलं आणि कौतुकाने विचारलं, "बहुत सुंदर, डॉक्टर साहब. बिटिया हैं?"

काकांना मुलगी नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मीच म्हणाले, "काका, ही लग्नाच्या फोटोतली मावशी आहे." त्या दिवशी त्यांनी कुणाच्याच कानाकडे पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते मावशीला घेऊन आले. इस्त्रीची साडी नेसून ती स्टुलावर अवघडून बसली. काका तिच्याभोवती फिरत होते, पुतळ्याच्या गालांवरची माती काढत होते, डोळ्यांखाली अंगठ्याने हलकेच दाबत होते. संध्याकाळी ती उठून पुतळ्यासमोर उभी राहिली.

"अहो, मी इतकी दमलेली दिसते?"

"दिसतेस," काका म्हणाले. "मलाही आत्ताच दिसलं."

"मग थोडं हसू घाला ना त्यात."

काकांनी मातीकडे बघितलंसुद्धा नाही. हात पुसत ते म्हणाले, "राहू दे. चल, आज बाहेरच जेवू. तुला काय खावंसं वाटतंय?"

मावशी पुन्हा स्टुलावर टेकून विचार करू लागली.