आत्याची पाठ

पोरांनो, तुमचं पत्र पोचलं. आपल्या घरातली एक बाई मूकपटात होती असं तुमच्या वडिलांनी सांगितलं आणि तुम्हाला त्याची मोठी गंमत वाटली. शाळेत सगळ्यांना सांगणार आहात म्हणे. सांगण्याआधी हे वाचा. हे पाहिलेली मी एकटीच उरले आहे, म्हणून आजच लिहायला बसले.

ती बाई म्हणजे माझी आत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचा नवरा मुंबईला कारकून. दर मे महिन्यात ती आपल्या लहान मुलीला घेऊन आगबोटीने रत्नागिरीला माहेरी यायची. आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू शिडीवरून पडावात, म्हणजे मोठ्या होडीत, उतरत. रीत अशी की आधी पोरं खाली द्यायची, मग बोचकी, मग बायका. पोरं हातोहात खाली जात. कोणाचं पोर कोणत्या पडावात बसलं ते किनाऱ्याला लागल्यावर कळे, आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे.

त्या वर्षी आत्या धक्क्यावर आली आणि मुलगी कोणत्याच पडावात नव्हती. खलाशी म्हणाले, आम्ही खाली दिली. पडाववाले म्हणाले, आमच्याकडे आलीच नाही. तोवर आगबोट जयतापूरकडे निघून गेली होती. पाण्यात पडली असेल, असं लोक हळू आवाजात बोलले. आत्या म्हणाली, गर्दीत मागे राहिली असेल, पुढच्या बंदरावर कोणीतरी उतरवून घेतली असेल. वडिलांना घेऊन ती वेंगुर्ल्यापर्यंत सगळी बंदरं फिरून आली. नवऱ्याने तिला परत बोलावलं नाही. मग ती आगबोटीच्या दिवशी ते प्रवासातलं चौकड्यांचं लुगडं नेसून धक्क्यावर उभी राहू लागली. आगबोट दिसली की मुलीच्या नावाने हाक मारायची.

काही वर्षांनी मुंबईची एक सिनेमा कंपनी बंदरावर आली. कंपनी कसली, एक कॅमेरा, ऊन नटांच्या तोंडावर पाडायला चांदीचा कागद चिकटवलेली दोन फळकुटं, आणि बापाचं काम करणारा नट स्वतःच सामान उचलत होता. हरवलेल्या पोराला शोधणाऱ्या आईबापांची गोष्ट. दिग्दर्शकाला आत्याबद्दल कोणीतरी सांगितलं आणि तो आमच्या ओटीवर येऊन बसला. पोर कसं हरवलं ते सगळं त्याने विचारून घेतलं, अगदी पडावाच्या रीतीसकट.

"ताई, हा खेळ गावोगाव जाईल," तो म्हणाला.

"वेंगुर्ल्याला जाईल?"

"वेंगुर्लं काय, गोवा, कारवार, कराचीसुद्धा."

"मग माझं तोंड नीट दिसू दे. आणि तिची खूण लिहा. डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग आहे."

"सुरुवातीलाच पडद्यावर तशी अक्षरांची पाटी टाकतो, ताई. शब्द देतो."

आत्याने त्याच्याकडून दुसरं काही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो तिला म्हणाला, "रोज मारता तशीच हाक मारा." ती रोजच्यासारखी समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. यंत्र तिच्या मागे होतं. आमच्यापैकी कोणी सिनेमा कसा करतात ते पाहिलेलं नव्हतं. आम्हाला वाटलं, यंत्राला सगळं दिसतं. दिग्दर्शकाला मात्र ते कुठे लावलंय हे पक्कं माहीत होतं. मग "नटीचं थोडं काम मुंबईत उरलंय" म्हणून त्याने लुगडंही मागून नेलं. आत्याने आनंदाने दिलं. वडील नको म्हणाले नाहीत. त्यांचा मला अजून राग आहे.

खेळ रत्नागिरीला आला तो तंबूत. पुढे पेटी-तबला, एका बाजूला बायका. मी इंग्रजी शाळेत जात होते, म्हणून आत्याने मला पाट्या वाचायला शेजारी बसवलं. पडद्यावर पाटी आली की ती माझा हात दाबायची.

"ही का गो?"

"नाही आत्या. ही गोष्टीतली."

"मग ही?"

"हीसुद्धा नाही."

मग आमचा धक्का दिसला. चौकड्यांचं लुगडं, आत्याची पाठ, वर उचललेला हात. पुढच्याच क्षणी त्याच लुगड्यात नटीचं पावडर लावलेलं तोंड आलं आणि ते रडू लागलं. बायका डोळे पुसायला लागल्या.

आत्या उभी राहिली. "मेल्यांनो, ते माझं लुगडं! तोंड माझं नाही ते!"

"अहो बाई, बसा खाली, दिसत नाही."

"तोंड बघायचंय तर आरशात बघा की!" पुरुषांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं आणि तंबू हसला.

शेवटी पडद्यावर पोर सापडलं. शिट्ट्या झाल्या. मी शेवटची पाटी वाचली. तिच्यावर "समाप्त" एवढंच होतं.

वडील म्हणाले, "जाऊ दे, भोळी ती." भोळी नव्हती ती. मुलीपर्यंत पोचेल असा निरोप तिला पाठवायचा होता, आणि बदल्यात तिने आपली गोष्ट, हाक, अंगावरचं लुगडं दिलं. त्यांनी ते सगळं वापरलं आणि निरोप तेवढा गाळला. पाटी लिहायला किती वेळ लागला असता? ज्यांनी खोट्या आईसाठी डोळे पुसले, त्याच बायका दुसऱ्या दिवशी आत्याला "सिनेमावाली" म्हणायला लागल्या.

मीच हट्ट धरला म्हणून वडिलांनी मुंबईला खेटे घालून लुगडं परत आणलं. आत्या ते नेसून पुन्हा धक्क्यावर जाऊ लागली, पण आता हाक मारायची नाही. पडावातून पायऱ्या चढणाऱ्या प्रत्येकाला तोंड दिसेल अशी अगदी वरच्या पायरीवर उभी राहायची. पावसाळ्यात आगबोट बंद असे, तेवढीच ती घरी राही. अंथरुणाला खिळेपर्यंत तिने हे सोडलं नाही.

मुलगी सापडली नाही. ती कंपनी बुडाली आणि त्या खेळाची प्रत कुठे असल्याचं मी ऐकलेलं नाही. आत्याचा फोटो कधी काढलाच नव्हता. ते लुगडं माझ्या ट्रंकेत आहे.