अक्काच्या लग्नातली चार मिनिटं

माझ्या अक्काचं लग्न ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी लागलं आणि त्यात नवरा नव्हता.

बाकी सगळं होतं. मांडव होता, गुरुजी होते, मुठीत फुलांच्या पाकळ्या घेऊन उभं राहिलेलं अख्खं गाव होतं. नवरा तेवढा गावाबाहेरच्या शाळेत, जानवशात, चहा पीत बसला होता. हा सगळा घोळ एका इंग्रजी गाण्यामुळं झाला आणि ते गाणं मी लावलं होतं. मी म्हणजे बी.ए. (दुसरा वर्ग. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगून टाकतो.)

मन्नाएखेळ्ळीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात, आमच्या वस्तीत, माझ्याआधी सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. आमचे अप्पा हायवेच्या कामावर डांबर ओतायचे. त्यांचा पोरगा गुलबर्ग्याहून पदवी घेऊन आला, तेव्हा वस्तीनं मला हार घातला. त्या हारासकट मी तीन दिवस हिंडलो. चौथ्या दिवशी अक्कानं तो हार काढून शेळीला घातला. म्हणजे, खायला घातला.

गुलबर्ग्याहून मी ट्रंकेत दोन मौल्यवान वस्तू आणल्या होत्या. एक पदवीचा कागद आणि दुसरी कॅसेट. होस्टेलात माझ्या खोलीत हैदराबादचा प्रकाश नावाचा पोरगा राहायचा. त्याच्या थोरल्या भावाकडं एक परदेशी रेकॉर्ड होती, तिच्यावरून भरून घेतलेली ती कॅसेट. एका बाजूला एकच गाणं. तेवीस मिनिटांचं!

"याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात," प्रकाश म्हणाला.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं दुखलं. दुसऱ्यांदाही दुखलं. पण प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामी, एवढं इंग्रजी मला येत होतं. ज्याचा बाप छप्पन सालानंतर जुनं सगळं सोडून ताठ उभा राहिला, त्या पोरानं पुरोगामी गाणं अर्धवट टाकायचं? जमणार नाही! मी ते गाणं अभ्यासाला घेतलं. शंभर पानी वही केली आणि त्यात कुठल्या मिनिटाला काय होतं ते लिहून ठेवलं.

पाचवं मिनिट : पेटीसारखं काहीतरी वाजतं. पेटी डोंगराएवढी असती आणि तिचा भाता वाऱ्यानं हलवला असता तर जसं वाजेल, तसं. आठवं मिनिट : ढोलवाला सहा ठोक्यांवर थांबेल असं वाटतं, तो सातवा मारतो. (हा सातवा ठोका मांडीवर बसवायला मला तीन महिने लागले. मांडी काळीनिळी झाली.) अकरावं मिनिट : गिटारवाला रडतो, पण रागावून.

आणि चौदावं मिनिट. तिथं सगळं अचानक थांबतं. चार मिनिटं काहीच नाही! नीट कान लावला तर फक्त 'सूंऽऽ' असा बारीक सूर. जणू आभाळ श्वास घेतंय. मग एक हलकंसं 'खट'. आणि त्यापाठोपाठ असा काही धडाका की माणूस खाटेवरून खाली पडावा. वहीत मी त्या जागी तांबड्या शाईनं गोल काढून लिहिलं होतं : 'येथे खरी प्रतिभा दिसते.'

आता अक्काच्या लग्नाकडं येतो.

नवरा अफजलपूरचा, कालव्याच्या कामावर मोजणीदार. माणूस गरीब, म्हणजे स्वभावानं. पण त्याचे मामा होते निंबर्ग्याचे, आणि ते मामा म्हणजे फटाक्याची माळच. मागं एका लग्नात मुलीकडच्यांनी त्यांना कपबशीऐवजी पेल्यात चहा दिला, तर त्यांनी अख्खं वऱ्हाड बसमध्ये घालून परत नेलं होतं. ते लग्न मोडलं ते मोडलंच. त्यामुळं आमच्या घरी महिनाभर एकच घोर : मामा रुसू नयेत. अप्पांनी बिदरहून सहा कपबशा आणल्या. आई त्या रोज पुसायची.

आणि आमच्याकडची पद्धत अशी : लग्नघराचा भोंगा सकाळपासून वाजतो. लोक आपापल्या कामात असतात. बाया भाकऱ्या थापतात, कुणी रानात असतो, कुणी दाढी करत असतो. भोंगा बंद झाला, की समजायचं, नवरा निघाला, गुरुजी उभे राहिले, चला! बोलावणं धाडावं लागत नाही. आचारीसुद्धा भोंगा थांबला की पत्रावळ्या मांडायला घेतो.

सकाळीच अप्पांनी मला बोलावलं.

"भोंग्यापाशी तू बस. नवरा शाळेतनं निघाला की मगच बंद कर. त्याच्या आधी बंद करायचं न्हाई. समजलं का?"

"समजलं, अप्पा."

"पुन्ना इचारायलाव. समजलं का?"

"अप्पा, मी बी.ए. आहे."

"म्हणूनच पुन्ना इचारायलाव!"

(इथं एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मी शेवटपर्यंत भोंगा बंद केला नाही. त्या दिवशी हे मी निदान चाळीस जणांना सांगितलं. एकानंही ऐकून घेतलं नाही.)

भोंगा होता मन्नाएखेळ्ळीच्या खाजाभाईंचा. त्यांची मशीन घरामागच्या चिंचेखाली होती आणि भोंगा चिंचेवर. सकाळपासून त्यांनी भीमगीतांच्या त्याच दोन कॅसेटी चारदा फिरवल्या होत्या. सव्वाअकरा झाले. लग्न बाराला. माझ्या मनात आलं, वऱ्हाडात मोजणीदार आहेत, मास्तर आहेत; या घरात शिकलेलं माणूस आहे हे त्यांना कळायला नको? मी खिशातून कॅसेट काढली.

अक्कानं खिडकीतून पाहिलं. हळद लागलेली, केसात फुलं, पण नजर पोलिसाची.

"बाळ्या! ते तुझं दळण आज लावू नको बघ!"

"अक्का, हे दळण नाही. हे पुरोगामी..."

"माझ्या लग्नात न्हाई!"

तिला बायकांनी आत ओढलं आणि मी बटण दाबलं.

खाजाभाई दोन मिनिटं मान वाकडी करून ऐकत राहिले. "बी.ए. साब, इसमें आदमी कब गाता?"

"सहाव्या मिनिटाला."

"तब तक क्या करना?"

"ऐकायचं."

"अच्छा," असं म्हणून ते बिडी पेटवायला उठले. त्यांच्या मशीननं असं काही आजवर पचवलं नव्हतं. पण भोंगा वाजत होता, गाव कामात होतं, सगळं सुरळीत होतं. सातवा ठोका आला. गिटारवाला रडला. मांडवात एक म्हातारी म्हणाली, "कुणाचं रेडकू अडकलंय बघा गं!"

आणि चौदावं मिनिट आलं.

भोंगा गप्प झाला.

मी डोळे मिटले. तो बारीक सूर भोंग्यातून कसा पोचणार? म्हणून मशीनचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि टेपच्या छोट्या जाळीला कान लावून बसलो.

"मशीन बंद पड गई क्या?" खाजाभाई धावत आले.

मी डोळे न उघडता ओठावर बोट ठेवलं. "थांबा. आता येतंय."

पुढं काय काय आलं ते मला नंतर कळलं.

पुढच्या बाजूला भोंगा थांबताच गाव उठलं. तव्यावरची भाकरी तव्यावर राहिली. लोक मांडवात शिरले, मुठीत पाकळ्या घेऊन उभे राहिले. अप्पांना वाटलं, पोरानं बंद केला म्हणजे नवरा निघाला. बी.ए. पोरगा आहे, दोनदा विचारलंय. त्यांनी बायकांना खूण केली आणि बायकांनी अक्काला आणून उभं केलं. सोनकांबळे गुरुजी पुढं आले. चाळीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेला आवाज, माईक कशाला लागतो! गुरुजींची एकच सवय होती : वंदना ते डोळे मिटून म्हणायचे आणि वंदना संपेपर्यंत उघडायचे नाहीत.

म्हणजे मांडवात गुरुजींचे डोळे मिटलेले, चिंचेखाली माझे मिटलेले आणि नवरा शाळेत. लग्न सुरू!

(मला चिंचेखाली त्या शांततेत माणसं काहीतरी एका सुरात म्हणताहेत असं ऐकू आलं. मी मनात म्हटलं, वा! ही जागा आजवर लक्षातच आली नव्हती. वहीत लिहायला हवी!)

वंदना चालू असताना मधेच कसं बोलणार? लोक नुसते एकमेकांकडं बघत होते. ज्याला त्याला वाटत होतं, नवरा दुसऱ्या खांबाआड असेल. वंदना संपली. गुरुजींनी डोळे न उघडताच सांगितलं, "आता वरानं वधूला हार घालावा."

कुणी घातला नाही.

"घालावा," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी डोळे उघडले.

तिकडं शाळेत भोंगा थांबला तेव्हा मामा दाढी करून घेत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून ते उठले.

"काय! नवरा हितं आन् लगीन तिथं लावायलेत? आपल्याला सोडून? ह्यो अपमान हाय! कुणी हलायचं न्हाई! ड्रायव्हर, गाडी काढ! परत चला!"

मामांनी हात धरून न्यायला नवऱ्याकडं वळून पाहिलं.

नवरा नव्हता!

नवरा धोतराचे सोगे वर धरून, चपला हातात घेऊन, बोरीच्या कुंपणातून आमच्या गावाकडं पळत सुटला होता. पुढं दाजींनी मला स्वतः सांगितलं, "अरे, तिला बघायला आलतो तवाच ठरवलं होतं, हीच. भोंगा थांबला तसं काळीज लक्कन हाललं. म्हटलं, मामांची समजूत काढायला दोन घंटे जातील. तोवर हिचं लगीन होऊन गेलं तर?"

"दाजी, नवऱ्याशिवाय कसं होऊन जाईल?"

"पळताना एवढं सुचतंय का रे?"

तर दाजी मांडवाच्या तोंडाशी आले, एका हातात चपला, धोतराला बोरीचा काटा, छाती भात्यासारखी. गुरुजी डोळे उघडून गारठलेले, अक्का खाली मान घालून एकटीच उभी, अप्पा पांढरेफटक.

आणि चिंचेवर 'खट' झालं.

धडाऽऽड्धूम्!!

मशीनचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं, ते लक्षात असू द्या. चिंचेतले बगळे उडाले. आचाऱ्याच्या हातून भाताचा झारा सुटला. मांडवातल्या समस्त माणसांनी दचकून हात वर टाकले आणि मुठीतल्या साऱ्या पाकळ्या एकदम उडून नेमक्या दाजींच्या डोक्यावर पडल्या! असा पुष्पवर्षाव आमच्या वस्तीनं ना आधी पाहिला ना नंतर. दाजींनी ती संधी सोडली नाही. चपला टाकल्या, हार उचलला आणि अक्काच्या गळ्यात घातला. अक्कानंही घातला. गुरुजी म्हणाले, "झालं!"

तेवढ्यात खाजाभाईंनी वायर उपटली आणि साबणाच्या अर्ध्या दाढीनं मामा आले. मागं सगळं वऱ्हाड.

"लगीन लागलं?" मामा गरजले.

"लागलं," गुरुजी म्हणाले.

"माझ्याबिगर?" मामांचा साबण थरथरायला लागला. "आन् ते धडाम कशाचं झालं?"

मी चिंचेकडून पुढं आलो होतो. खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, "मामा, ते प्रोग्रेसिव्ह..." तर अप्पांनी माझ्या पायावर पाय ठेवला. डांबराच्या कामातला पाय!

"पाव्हणे," अप्पा हात जोडून म्हणाले, "तुमच्या स्वागताचं."

"म्हंजे?"

"तोफ."

"तोफ?" मामांचा आवाज एकदम खाली आला. "माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठीच. कपबशीत चहा बी तयार हाय."

मामांनी वऱ्हाडाकडं वळून पाहिलं. सगळ्यांनी ऐकलंय याची खात्री करून घेतली. मग उरलेल्या अर्ध्या दाढीसाठी खुर्ची मागवली, ती मांडवात, सगळ्यांसमोर. पुढं कित्येक वर्षं निंबर्ग्यात ते सांगत, "आम्हाला तोफेची सलामी देऊन बोलावलेलं!"

अक्का निघताना माझ्यापाशी आली. मला वाटलं, रडेल.

"चार मिनिटं, बाळ्या," ती कानात म्हणाली, "चार मिनिटं मी एकटीच लगीन लावून घ्यायलते." आणि असा चिमटा काढला की पाचवं, आठवं, अकरावं, सगळी मिनिटं एकदम आठवली.

पण मी खचलो नाही. मनात अभिमानच होता. लोकांना कळलं नसेल, पण त्या शांततेनं आणि त्या धडाक्यानं अक्काचं लग्न पार पाडलं, हे मी जाणून होतो. पुढं शाळेत मास्तर झाल्यावर मी ती जागा सहकाऱ्यांना समजावून सांगायचो. 'सूंऽऽ' म्हणजे विश्वाची पोकळी, 'खट' म्हणजे सृष्टीचा आरंभ. दोघातिघांनी माझ्या शेजारी बसणं सोडलं.

चार वर्षांनी कामानिमित्त हैदराबादला गेलो. प्रकाशनं त्याच्या भावाच्या घरी नेलं. मी म्हटलं, "ती मूळ रेकॉर्ड एकदा ऐकायचीय." भावानं लावली. मी डोळे मिटून बसलो. पाचवं मिनिट, बरोबर. आठवं, बरोबर. चौदावं आलं.

आणि गाणं थांबलंच नाही! एक बाई इतक्या गोड आवाजात गायला लागली की काय सांगू. चार मिनिटं गात होती.

"ही कोण?" मी ओरडलो. "इथं तर शांतता असते! 'सूं' असतं! 'खट' असतं!"

भावानं जरा आठवून पाहिलं. "वो कॅसेट? हां हां. भरते वक्त वायर ढीली होके निकल गई थी. मैं अंदर चाय पी रहा था. आके देखा तो निकली हुई थी, फिर लगा दिया."

"लावताना... खट असं वाजलं असेल?"

"वाजलंच असणार की," प्रकाश म्हणाला.

गावी आल्यावर मी शंभर पानी वही काढली. तांबड्या शाईचा गोल तसाच होता. 'येथे खरी प्रतिभा दिसते.' खोडावंसं वाटलं, पण खाडाखोड बी.ए. माणसाला शोभत नाही.

म्हणून त्याच्याखाली पेन्सिलीनं फक्त एक शब्द लिहिला : 'चहा.'