नातीच्या शाळेतला बिनकामाचा पालक

शाळेत पाय ठेवला का माह्या हातून काहीतरी होतेच. मी घरी पोचायच्या आधी ते गावभर झालेलं असते, अन् पानठेल्यावर त्याले शेपूटही फुटलेलं असते. म्हणून म्हटलं, मीच सांगतो. निदान खरं तरी सांगीन!

पोरगा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात शिफ्टमध्ये, सून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नर्स. दोघांनाही टाइम नाई. म्हणून चौथीतल्या राशीचा पालक मी, तिचा आजा. मी स्वतः दुसरीत शाळा सोडली. सारी जिंदगी तलावातले मासे अन् घरचा एक बैल, एवढंच पाहिलं. तरी शाळेत काही काम निघालं का सगळ्यात आधी माहाच हात वर! खरं सांगतो, मले तिथी बरं वाटते. पण राशीनं पहिल्याच महिन्यात दम दिला, "आबाजी, माही लाज काढली ना, तर मामाले पालक करीन!"

*

सुनेनं मले पालकांच्या व्हॉट्सअप ग्रुपात टाकलं. एका सकाळी मोठ्या गुरुजींचा, म्हणजे हेडमास्तरांचा, मेसेज आला. पाहाले म्हणून बटन दाबलं. कोणतं दाबलं ते मले आजही माहीत नाई.

त्याच वेळी गोठ्यात बैल काही केल्या उठेना. मी ओरडलो, "ऊठ ना बे! सूर्य डोक्यावर आला! नुसता बसून खाते, काम म्हटलं का अंग चोरते!"

माहा आवाज जसाच्या तसा ग्रुपात गेला. थोड्या वेळानं गुरुजींचं उत्तर आलं, "माफ करा आबाजी. उद्यापासून वेळेवर येतो."

अन् आले बी!

*

पोरांना खिचडी वाढायच्या आधी एका पालकानं चव पाहायची असते. त्या दिवशी पाळी माही. पहिल्या घासात काही समजलं नाई. दुसऱ्यात थोडं समजलं. मग मी ताटच मागितलं.

शेवंताबाई खिचडी रांधते. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबाजी, तुम्हाले चव पाहाले बोलावलं का जेवाले?"

म्हटलं, "बाई, चव तळाशी राह्यते!"

*

व्हॉलीबॉलची जाळी फाटली. राशीच्या वर्गाच्या मॅडम म्हणाल्या, "नवीन येईपर्यंत काय करायचं?" मी छाती फुगवून घरचं मासे धरायचं जाळं आणून बांधलं. धुवायचं राहून गेलं.

मॅच सुरू झाली, अन् वासानं गावातल्या साऱ्या मांजरी ग्राउंडवर! एक तर जाळ्यावरच चढली. रेफ्री म्हणे, "आबाजी, खेळाडू कोणते अन् पब्लिक कोणती, तेवढं सांगा!"

त्या रात्री राशीनं मामाचा फोन नंबर वहीत लिहून ठेवला.

*

आमच्याकडे वाघ येते. म्हणून शाळा सुटली का पोरांना पालक घरोघरी पोचवतात. मी पुढं काठी आपटत, जोरजोरात ओरडत चालतो. वाघ काय, कुत्रंबी जवळ येत नाई.

एक दिवस सगळी पोरं पोचवली, तरी एक पोट्टा मागं उरला. म्हटलं, याच्या घरचे वावरात असतील. घरी नेला, भात अन् माशाचा रस्सा वाढला. तो मजेत जेवला, पुन्हा मागून जेवला.

तेवढ्यात मोठे गुरुजी धापा टाकत आले. पोट्टा दुसऱ्या गावचा! कबड्डी खेळाले आलेला, अन् त्याची टीम जीपमध्ये बसून त्याले शोधून राह्यली होती.

मी खेकसलो, "काऊन रे, आधी नाई सांगता येत?"

पोट्टा बोट चाटत म्हणाला, "तुम्ही बोलू कुठी दिलं?"

राशीनं त्याच दिवशी मामाले फोन लावला. "गॅदरिंगपर्यंत पाहीन," ती त्याले म्हणाली. "तिथी गडबड झाली, तर आबाजी बाद!"

*

गॅदरिंग आलं. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे जेवणाहून मोठं. राशी राणी होती. डायलॉग एकच, "हाच तो चोर! मुद्देमालासकट धरा!" महिनाभर कोंबड्यांना धरून पाठ केला तिनं.

पडदा माह्याकडे. एक दोरी ओढली का बंद, दुसरी ओढली का उघडा. राशीनं बजावलं, "घंटा वाजल्याशिवाय हात नाई लावायचा!"

पण तलावात मोठं जाळं टाकतो ना आम्ही, तवा पलीकडचा माणूस दोरीले झटका देते अन् आपण ओढतो. विचार करायचा नसते. राशीनं चोराकडं बोट केलं, तोंड उघडलं, अन् माह्या दोरीले झटका बसला. मी ओढली! पडदा बंद!

मागं पाहातो तर बकरी दोरी चावून राह्यली होती.

स्टेजवर धावपळ. चोर झालेला पोट्टा घाबरून पळाला. मोठे गुरुजी भज्याची पुडी हातात घेऊन तसेच मधात धावले, "कोणी पाडला पडदा? कोणी?" मी घाबरून दुसरी दोरी ओढली.

पडदा उघडला. मधात गुरुजी, हातात भजे.

राशीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा पुडीकडं पाहिलं. अन् खणखणीत आवाजात बोट रोखलं, "हाच तो चोर! मुद्देमालासकट धरा!"

राणीचे दोन शिपाई तुटून पडले. गुरुजी ओरडले, "अरे, मी हेडमास्तर आहे!"

त्यातला दुसरीत शिकणारा शिपाई म्हणे, "सगळे चोर असंच म्हणतात! चल!"

नेलं ओढत! पब्लिक उभी राहिली. "वन्स मोअर! वन्स मोअर!"

राशीनं मुकुट सरळ केला, विंगेत माह्याकडं पाहिलं अन् म्हणाली, "आबाजी, ओढा!"