एकेचाळिसाव्या घरातला श्वास

संगीतकार सर लेनर्ड हेस्किथ यांच्या चरित्राचं ते पुस्तक पाचशे पानांचं होतं आणि त्यात थेल्माच्या बापाला अर्धी ओळ होती. तीही नावाशिवाय. ‘लहानपणी सर लेनर्डनी गावातले पितळी बँड ऐकले होते.’ बस्स. व्हिएन्नाच्या गुरूंना तीस पानं, क्योटोच्या कुठल्याशा देवळातल्या बागेला एकोणीस. थेल्मा ऑर्मरॉडने हॅगडेलच्या वाचनालयात उभ्याउभ्याच ते वाचलं आणि पुस्तक टेबलावर असं आपटलं की ग्रंथपालबाईचा चहा सांडला.

तिचा बाप एनॉक गिरणीच्या कार्डिंग खात्यात होता. कापूस पिंजायचा तिथे, आणि हवेत इतकी धूळ की समोरचा माणूस दिसू नये. पन्नाशीच्या आधीच त्याची छाती भरली. तरी दर रविवारी चॅपेल सुटलं की तो बँडच्या खोलीत गावातली पोरं जमवायचा आणि फुकट शिकवायचा. फक्त पोरं. मुलींना त्या खोलीत प्रवेश नव्हता. थेल्माने बापाचं युफोनियम, ते मांडीवर घेऊन वाजवायचं जाडजूड पितळी वाद्य, घरी स्वयंपाकघरात बसून शिकून घेतलं. बँडमध्ये तिला खुर्ची मिळाली ती बाप गेल्यावर, बाविसाव्या वर्षी. तीही वाजवणारा दुसरा कोणी उरला नव्हता म्हणून. पुढे तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडले आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी तालमीला गेली.

हेस्किथांचा लेनर्ड त्या रविवारच्या पोरांतला. पोरगं हुशार, कान तिखट. तालीम संपली तरी हा एनॉकच्या मागे मागे घरापर्यंत यायचा आणि जेवूनच जायचा. एनॉकची एक आवडती संथ चाल होती, चॅपेलमधल्या प्रार्थनेची. ती वाजवताना नेमक्या एका जागी त्याचा दम तुटायचा. सूर थांबायचा, छातीतून घरघर करत श्वास आत जायचा, मग चाल पुढे निघायची. लेनर्डने चाल उचलली ती त्या तुटण्यासकट. तोही तिथेच थांबायचा. एकदा एनॉक हसून हसून खोकत सुटला होता. “अरे येड्या, ते गाण्यात नाहीये, ते माझ्या छातीत आहे!”

“पण काका, तिथेच तर छान वाटतं,” लेनर्ड म्हणाला होता. थेल्मा तेव्हा ताटं विसळत होती. तिने हे स्वतःच्या कानांनी ऐकलेलं.

लेनर्ड लंडनला गेला, मोठा झाला, सर झाला. एनॉकच्या दफनाला आला नाही. थेल्माने ते पोटात घातलं. मोठ्या माणसाच्या डोक्यात शंभर व्याप, माणूस विसरतो, असं म्हणून तिने अडतीस वर्षं स्वतःची समजूत घातली. एनॉककडून उचललेली ती चाल त्याने थांबण्यासकट आपल्या रचनेत घातली, ती जगभर वाजू लागली आणि मधल्या थांबण्यावर विद्वान मंडळी लेख पाडू लागली. पूर्वेची शांतता म्हणे! कापसाची धूळ खाऊन मेलेल्या माणसाचा दम तो, आणि याला त्यात देवळातली बाग दिसते. थेल्माला एवढंच हवं होतं की त्याने एकदा, चारचौघांत, एनॉकचं नाव घ्यावं.

पुस्तक निघालं त्याच वर्षी विभागीय स्पर्धेला सगळ्या बँडना त्याची तीच रचना ठेवली होती आणि परीक्षकही तोच. एकेचाळिसाव्या घरात, म्हणजे स्वरलिपीच्या दोन उभ्या रेघांमध्ये, युफोनियम एकटंच वाजत असताना पूर्ण शांतता लिहिलेली.

“अडतिसाव्या घरात भरपूर श्वास घेऊन ठेव,” बँडमास्तर क्लिफर्ड तालमीत म्हणाला. “एकेचाळिसाव्यात टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे.”

“तिथे श्वास आहे, क्लिफर्ड.”

“कागदावर नाही.”

“कागद खोटं बोलतो.”

“थेल्मा, अगं बाई, खाली उतरलो तर पुढच्या वर्षी पोरासोरांच्या गटात वाजवावं लागेल. तुझ्या बापाचं भांडण माझ्या बँडच्या डोक्यावर आणू नकोस.”

थेल्माने युफोनियम पुसून पेटीत ठेवलं.

स्पर्धेत परीक्षकाला सभागृहाच्या मधोमध कापडी खोक्यात बंद करतात. कोण वाजवतंय ते त्याला दिसता कामा नये. फक्त ऐकायचं आणि शेरे लिहायचे. वाजवायला हॅगडेलची पाळी सातवी आली. खोक्यातून शिट्टी वाजली, क्लिफर्डने हात उचलला. अडतिसाव्या घरात थेल्माने श्वास घेतलाच नाही. एकेचाळिसाव्यात सूर तुटला, आणि तिने तोंड उघडून बापाची घरघर जशीच्या तशी आत ओढली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. क्लिफर्डचा चेहरा पांढरा पडला. मग तिने चाल उचलली आणि डोळे कोरडे ठेवून शेवटपर्यंत नेली.

निकालाआधी सर लेनर्ड मंचावर येऊन बोलले. ही शांतता मला क्योटोला सापडली, म्हणाले. टाळ्या पडल्या. हॅगडेल नववं आलं आणि खालच्या गटात गेलं.

क्लिफर्डने शेऱ्यांचा कागद आणून तिच्या मांडीवर फेकला. “घे! झालं समाधान?”

चाळिसाव्या घरापर्यंत बारीक, नेटके शेरे होते. एकेचाळिसाव्यापुढे एकच शब्द, ‘एनॉक’. त्यावर पेन्सिलीने दोनदा काट मारलेली, इतकी दाबून की कागद फाटला होता. त्याखाली कोरं.

थेल्मा गणवेशातच चहाच्या टेबलापाशी गेली. सर लेनर्डने हातातला कप खाली ठेवला.

“तूच होतीस,” तो हळूच म्हणाला. “ऐकताक्षणी कळलं मला.”

“मग वर उभं राहून क्योटो कशाला सांगितलंस?”

“पुस्तक छापून झालंय, थेल्मा.”

“पुस्तक छापून झालंय. तुझं तोंड कुठे छापून झालंय?”

त्याने आजूबाजूला पाहिलं. लोक ऐकत होते. “तो कागद दे इकडे. शेरे गुप्त असतात.”

“अडतीस वर्षं मी म्हणत होते, विसरला असेल बिचारा,” थेल्मा म्हणाली. तिचा आवाज आता सबंध सभागृहात जात होता. “विसरला असतास तर बरं झालं असतं रे, लेनर्ड. विसरलेल्याला मी माफ केलं होतं.”

तिने कागदाची घडी केली, गणवेशाच्या खिशात घातली आणि बटण लावलं. मग ती क्लिफर्डकडे वळली आणि उरलेल्या सगळ्या बँडसमोर, बँड खालच्या गटात नेल्याबद्दल, त्याची माफी मागितली.